फोन न उचलणाऱ्यांची यादी

कासववाले आजोबा काउंटरसमोर उभे होते आणि त्यांच्या टोपलीतलं कासव मान आत ओढून बसलं होतं. दोघांत जास्त रागावलेलं कोण, हे सांगणं कठीण होतं.

“आज मंगळवार. साडेदहा,” आजोबा टोपली काउंटरवर ठेवत म्हणाले. “वेळ मी स्वतः साइटवरून घेतली होती. चष्मा लावून. आणि तुम्ही म्हणता माझं नावच नाही?”

“नाव आहे हो,” मावशी म्हणाली, “पण त्याच्यापुढे ‘रद्द’ लिहिलंय. तुमच्याच हातून झालं असेल चुकून.”

“माझ्या? मला वेळ घ्यायलाच पाऊण तास लागला. रद्द करायला मी कधी शिकलो?”

बाकावर आपापली जनावरं मांडीवर घेऊन बसलेले लोक हसले. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत आतून बाहेर आल्या, मावशीच्या खांद्यावरून वाकल्या आणि स्क्रीनवरची नोंद मोठ्याने वाचली. “रद्द केले. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कोणी केले: काउंटर.”

काउंटर म्हणजे मावशी. जनावरांच्या त्या दवाखान्यात काउंटरचा पासवर्ड फक्त तिला ठाऊक होता. आणि भिंगरीला, पण भिंगरीला कोण मोजतं!

भिंगरी म्हणजे मावशीची भाची. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही म्हणून घरात हे नाव पडलं आणि पुढे शाळेतही तेच चिकटलं. शाळा दुपारची असल्यामुळे सकाळी ती दवाखान्याच्या कोपऱ्यात, वजनकाट्याशेजारच्या टेबलावर अभ्यासाला बसायची. अभ्यास म्हणजे वही उघडी ठेवून माणसं ऐकणं. आत्ता तिने पेन खाली ठेवलं.

“ताई, सहा दहाला तुम्ही काय करत होतात?” डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं. आवाज हळू होता, पण सगळ्या बाकाने ऐकला.

“चहा पीत होते,” मावशी म्हणाली. “मी कशाला रद्द करू यांचं?”

“कारण मी फोन उचलला नाही!” आजोबा एकदम म्हणाले. “काल संध्याकाळी यांचेच चार फोन येऊन गेले. मी अनोळखी नंबर उचलत नाही. त्याचा राग!”

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मावशीचा रोजचा नेम होता. संध्याकाळी उद्याची यादी घ्यायची, एकेकाला फोन करायचा, “येताय ना?” विचारायचं आणि जो हो म्हणेल त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची. जे फोन उचलत नाहीत त्यांच्यावर तिचा भारी दात. “लोकांना डॉक्टर हवा, पण फोन नको,” हे वाक्य ती दिवसातून दहादा म्हणायची, आणि बाकावरच्या प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकलं होतं. आत्ता सगळ्यांना ते एकदमच आठवलं असावं, कारण कुणी हसेना.

त्यात साडेदहाच्या त्याच जागेवर आता दुसऱ्याचं नाव होतं. मावशीच्या गल्लीतल्या एका बाईंचं, पांढऱ्या कुत्र्यासकट. त्यांनी सकाळी सातला जागा रिकामी दिसली म्हणून घेतली होती, एवढंच. पण मावशी त्यांना ओळखते हे कळल्यावर आजोबांनी जो हुंकार दिला, तो ऐकून कासवानेसुद्धा मान बाहेर काढून बघितलं.

बुधवारी दोन वेळा रद्द झाल्या. एका मांजरीचे टाके काढायचे होते आणि एका सशाचे दात बघायचे होते. दोघांच्या मालकांनी आदल्या दिवशी फोन उचलला नव्हता. नोंद तीच, सहा दहा, काउंटर. डॉक्टरीणबाईंनी मागचं चाळलं तर सोमवारचंही एक निघालं.

“शनिवारपर्यंत बघते, ताई,” त्या म्हणाल्या. “मग मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. लोक आता उघड बोलायला लागलेत.”

मावशीने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बारा वर्षं ती त्या खुर्चीत बसत होती. कुठल्या कुत्र्याला सुई टोचताना कान खाजवावा लागतो, हे डॉक्टरीणबाईंना नाही, तिला माहीत होतं. त्याच क्षणी भिंगरीने ठरवलं की हा चोर आपण पकडायचा.

हे ठरवायला तिला वेळ लागला नाही, कारण हल्ली भिंगरीला सगळंच जमत होतं. महिन्याभरापूर्वी दवाखान्याची साइट इतकी हळू चालायची की पान उघडेपर्यंत आजारी मांजर बरी होऊन भिंतीवर चढलेली असायची. साइट बनवली होती उद्याकाकांनी. ते दोन गल्ल्या सोडून राहायचे, आणि कुठलीही तक्रार केली की “उद्या बघतो” म्हणायचे. शेवटी शाळेच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये सर्व्हर चालवायला शिकलेली भिंगरी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “मी करू?”

“मोडलंस तर?”

“मोडलं तर जोडीन!”

उद्याकाकांनी सर्व्हरचा पासवर्ड एका कागदावर लिहून दिला. देताना कागद जरा जास्तच वेळ बोटांत धरून ठेवला होता, हे भिंगरीला आत्ता आठवलं.

तिने काय काय केलं होतं! जनावरांचे अगडबंब फोटो लहान केले. सर्व्हर एका वेळी दोनच माणसांकडे बघत होता आणि बाकीच्यांना रांगेत उभं करत होता. त्याची मेमरी तपासून तिने दोनाचे आठ केले. पण खरी कमाल होती कॅशेची. आधी कुणीही “दवाखाना किती वाजता उघडतो?” विचारलं की सर्व्हर उठून मागच्या खोलीत जायचा, कपाट उघडायचा, फाइल शोधायचा आणि वाचून दाखवायचा. शंभर जणांनी विचारलं तर शंभर वेळा. भिंगरीने त्याला उत्तराची चिठ्ठी लिहून काउंटरवर चिकटवून ठेवायला शिकवलं. यादी बदलली की जुनी चिठ्ठी फाडायची आणि नवी लिहायची. झालं! नऊ सेकंदांचं पान पापणी लवायच्या आत उघडायला लागलं. सर्व्हर कोण आलं, कुठून आलं, काय मागितलं याची ओळ न् ओळ लॉगमध्ये लिहीत बसायचा. तेवढाही वेळ वाचावा म्हणून तिने ते लिहिणंच बंद करून टाकलं.

आणि गेल्या रविवारी एक शेवटचा हात. रात्रभरात चिठ्ठ्या शिळ्या व्हायच्या आणि सकाळी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला नवी चिठ्ठी लिहून होईपर्यंत थांबावं लागायचं. ते पहिलं माणूस म्हणजे नेहमी मावशी. “सगळ्या जगाला भरभर, आणि मलाच मेलं गोल गोल फिरणारं चाक,” असं ती एकदा म्हणाली होती. म्हणून भिंगरीने दहा मिनिटांत एक छोटासा प्रोग्राम लिहिला. त्याने पहाटे साइटभर फेरी मारायची, प्रत्येक पान एकदा उघडून बघायचं आणि सगळ्या चिठ्ठ्या ताज्या करून ठेवायच्या. मावशीला सांगितलंसुद्धा नाही. गंमत म्हणून.

तर आता चोर. भिंगरीचे पहिले आणि एकमेव संशयित होते उद्याकाका. त्यांची साइट एका शाळकरी मुलीने भरभर पळवून दाखवली, तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबणारच. आत शिरायचे सगळे रस्ते त्यांना ठाऊक. बुधवारी संध्याकाळी तिने सर्व्हरचा लॉग पुन्हा सुरू केला. आता जो कुणी येईल, त्याचा पत्ता त्यात उमटणार होता.

गुरुवारी पहाटे मात्र तिने एक असं काम केलं, जे कुणालाच कळू नये असं तिला वाटत होतं. मावशी त्यांच्याच घरी, मधल्या खोलीत राहायची. पावणेसहापासून भिंगरी दाराच्या फटीला डोळा लावून बसली. मावशी निर्दोष आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठेवावं म्हणून, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

सहा वाजून पाच मिनिटांनी मावशीने चहाचा कप खिडकीत ठेवला आणि मोबाइल हातात घेतला. सहा आठला तिच्या कपाळावर आठी आली. सहा दहाला तिचं बोट स्क्रीनवर फिरत होतं आणि ती पुटपुटली, “या पोपटवालीने पण नाहीच उचलला.”

भिंगरीच्या मनात जी पाल चुकचुकली, ती दिवसभर चुकचुकतच राहिली. कारण साडेनऊला दवाखान्यात पोपटवाली आली आणि तिची वेळ रद्द झालेली होती.

आता लॉग उघडायचा आणि पत्ता वाचायचा, बस. पण तिचा हात पुढे होईना. समजा, त्या ओळीत आपल्याच घराचा पत्ता निघाला तर? पोपटवाली तिकडे तावातावाने बोलत होती, पिंजऱ्यातला पोपट तेच शब्द परत परत म्हणत होता, आणि भिंगरी वहीत उगीचच रेघा मारत बसली होती. मावशीने दोनदा तिच्याकडे बघितलं. दोन्ही वेळा भिंगरीने नजर वळवली.

शाळा सुटल्यावर ती तडक उद्याकाकांकडे गेली. चोर तेच निघावेत, असं तिला इतकं मनापासून वाटत होतं की दार उघडताच ती म्हणाली, “काका, तुम्ही सकाळी सहा दहाला कुठे असता?”

“अंथरुणात,” काका म्हणाले. “नऊपर्यंत. का गं? पोलिसात भरती झालीस?”

“दवाखान्याच्या वेळा कोण रद्द करतंय?”

“हां, म्हणजे मी.” काका दाराला टेकून हसले. “अगं बाळा, सहाला उठून लोकांच्या सशांचे दात अडवायला माझ्यात तेवढा उत्साह असता, तर साइट मीच नसती का सुधारली?”

हे खरंच होतं.

“लॉग बघितलास?” काकांनी विचारलं.

“बंद होता. काल सुरू केला.”

“मग आजचा तरी बघितलास?”

“...नाही.”

“का?”

भिंगरी आपल्या बुटांकडे बघत राहिली. काकांनी हसणं थांबवलं. “घाबरतेस होय,” ते म्हणाले. “कुणाचं नाव निघेल म्हणून?” ती वळली आणि पळत सुटली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी काउंटरचा पासवर्ड बदलला. “एक दिवस यादी मी बघते, ताई,” त्या म्हणाल्या. “फोन तुम्ही करा, खुणा मी करीन. उद्या काय होतं ते बघू.” मावशीने मान हलवली. तिला बिचारीला वाटलं, उद्याही वेळा रद्द होतील आणि आपण सुटू.

शुक्रवारी एकही वेळ रद्द झाली नाही.

दोघांनी फोन उचलला नव्हता. तरी त्यांची नावं यादीत जशीच्या तशी होती. डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “आता मी काय म्हणू, तुम्हीच सांगा.” मावशीने खण उघडला. चष्म्याचं घर, स्वतःचा कप, कान खाजवून घेणाऱ्या कुत्र्यांसाठी ठेवलेला जुना ब्रश, असं एकेक काढून ती पिशवीत भरायला लागली.

तो ब्रश बघून भिंगरीला राहवेना. निघू दे कुणाचाही पत्ता. तिने टेबलावरचा जुना लॅपटॉप ओढला, लॉग उघडला आणि गुरुवार, सहा दहावर आली.

घराचा पत्ता नव्हताच. उद्याकाकांचाही नव्हता. पत्ता होता सर्व्हरचा स्वतःचा. म्हणजे कुणीही बाहेरून आलंच नव्हतं, आतल्या आतच कुणीतरी चालत होतं. एका सेकंदाला एक पान. मुखपृष्ठ, वेळापत्रक, लसीकरण, काउंटरची यादी, पोपटाची नोंद, पोपट रद्द. त्याच चालीने पुढे, संपर्क. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, येणारा आपली जी ओळख सांगतो ती लिहिलेली होती. इंग्रजी अक्षरांत, तिनेच रविवारी हौसेने दिलेली.

भिंगरी.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट खुर्ची फार घट्ट वाटायला लागली. तिने शुक्रवारच्या ओळी बघितल्या. आजही तिचा तो फेरी मारणारा प्रोग्राम सहा दहाला आला होता, पण पासवर्ड बदललेला असल्यामुळे काउंटरच्या दारावरूनच परत गेला होता. मावशीला पान लवकर उघडावं म्हणून तिने आपल्या प्रोग्रामला मावशीचाच पासवर्ड दिला होता. आणि सांगितलं होतं, दिसेल ती लिंक उघडून बघ. खूण झालेल्या नावापुढे ‘रद्द करा’ ही लिंक दिसत नाही. ती फक्त फोन न उचलणाऱ्यांपुढे राहते. माणसाने ती दाबली तर ब्राउझर आधी विचारतो, “खरंच रद्द करायचं?” पण तो प्रश्न ब्राउझरचा. या फेरीवाल्या प्रोग्रामकडे ब्राउझर नव्हताच, त्याला प्रश्न कधी ऐकूच आला नाही. तो बिचारा दार दिसलं की उघडत होता.

गप्प बसलं तर? फेरी बंद करायची, लॉग पुसायचा. वेळा रद्द होणं तर थांबलेलंच होतं. किंवा म्हणायचं, उद्याकाकांनी लिंकच चुकीची ठेवली, आणि ते अर्धं खरंही होतं. हे दोन्ही विचार भिंगरीच्या डोक्यात आले, खोटं कशाला बोला. पण मावशी पिशवीचे बंद बांधत होती.

“मी केलं,” भिंगरी म्हणाली. कुणी वळून बघितलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, “डॉक्टर, रद्द मी केलं. म्हणजे माझ्या प्रोग्रामने.” आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं आणि मान तिरकी केली. “तुझी मावशी जातेय म्हणून सांगतेयस ना हे?”

“अहो, नाही!”

“लहान आहेस. माया आहे. मी समजू शकते.”

आयुष्यात पहिल्यांदा भिंगरीने गुन्हा कबूल केला होता आणि तोही कुणाला खरा वाटेना! तिचे डोळे भरून आले, पण त्याहून जास्त तिला राग आला. “मग दाखवते. तुमच्यासमोर. काउंटरचा जुना पासवर्ड परत ठेवा. यादीत कुठलंही खोटं नाव तुम्हीच लिहा, मला दाखवू नका. मावशीचा मोबाइल तुमच्या खणात ठेवा. आणि फेरी तुम्हीच सुरू करा, या बटणाने.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि खुर्ची ओढली. पाठ करून त्यांनी काहीतरी लिहिलं. बटणाकडे बोट नेलं, इतक्यात भिंगरी ओरडली, “थांबा! आजचे ते दोघे! त्यांना आधी खूण करा, नाहीतर तेही उडतील.”

डॉक्टरीणबाईंचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी दोन खुणा केल्या. हे वाक्य मात्र त्यांना खरं वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा नीट केला आणि मगच बटण दाबलं.

तिघी जणी स्क्रीनकडे वाकल्या. यादीत खालून दुसरं नाव होतं: “हत्ती, सर्दी.” कुणीच कशाला हात लावला नाही. सेकंदभर, दोन सेकंद, नऊ सेकंद काही झालं नाही. मग हत्तीपुढे आपोआप शब्द उमटला, रद्द. कोणी केले: काउंटर.

“अगंबाई,” मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी मावशीची पिशवी उचलली, बंद सोडला, आणि कप, चष्म्याचं घर, ब्रश, एकेक वस्तू परत खणात ठेवली. “ताई,” त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला...” आणि पुढचं त्यांना जमलं नाही. “राहू द्या,” मावशी म्हणाली, पण खण बंद करून झाल्यावर.

सर्व्हरचा पासवर्ड लिहिलेला कागद भिंगरीने स्वतःहून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो घडी करून खिशात घातला. “साइट अशीच वेगात राहू दे. फेरी फक्त बाहेरच्या पानांची, कुठल्याही पासवर्डाशिवाय. आणि यापुढे काहीही बदलायचं, तर शेजारी मी बसणार.”

भिंगरीने उद्याकाकांना फोन लावला आणि सांगितलं की रद्दची लिंक काढून तिथे असं बटण हवं, जे सर्व्हरवरच पुन्हा विचारेल. “ती माझी चूक आहे,” काका म्हणाले. “उद्या करतो.”

“काका!”

“बरं बरं, आत्ता.”

मावशी खुर्चीत बसली होती. तिने न बघताच विचारलं, “काल पहाटे दाराच्या फटीत तूच होतीस ना?”

भिंगरीला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “हो.”

“तुलाही वाटलं, मीच करते?”

“थोडंसं. पोपटवालीचं नाव घेतलंस तेव्हा.”

“मी आठ वाजता तिला परत फोन करायचं ठरवत होते,” मावशी म्हणाली. “पाच मिनिटांनी बघितलं तर रद्द. मला वाटलं, तिनेच केलं.” मग बराच वेळ तिने ब्रशमधले केस काढले. शेवटी फोन उचलून भिंगरीच्या पुढ्यात ठेवला आणि पाच नंबर लिहिलेला कागद त्याच्या शेजारी. “हे पाच जण. ज्यांची वेळ तू उडवलीस. प्रत्येकाला स्वतः सांगायचं, काय झालं आणि कुणी केलं. शाळेत जायच्या आधी.”

“पण मावशी, हे तर फोन न उचलणारे!”

“हो का,” मावशी म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिच्या ओठांचा कोपरा हलला.

कासववाल्या आजोबांचा फोन वाजला, वाजत राहिला, बंद पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, “लोकांना डॉक्टर हवा, पण...” आणि तिने जीभ चावली. सहाव्या वेळी पलीकडून खरखर ऐकू आली.

“कोण आहे? मी अनोळखी नंबर उचलत नाही.”

“आजोबा, ठेवू नका! दवाखान्यातून बोलतेय.”

“दवाखान्यातली बाई अशी बोलत नाही. खरं सांग, कोण तू?”

भिंगरीने मावशीकडे बघितलं. मावशी यादीकडे बघत होती, पण हातातलं पेन थांबलेलं होतं.

“मी भिंगरी,” ती म्हणाली. “तुमच्या कासवाची वेळ रद्द करणारी.”